कोटवाला मागं बघायचा

ही घडलेली गोष्ट आहे. वाचून सोडून दिलीत तरी चालेल, पण रचलेली म्हणू नका.

गेल्या वर्षीचा फेब्रुवारी. मंगळवार. दुपारचे साडेतीन. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक चादरींचा कारखाना.

अशा गोष्टीला लागतो तसा अंधार नव्हता. उन्हानं पत्रे तापले होते आणि अठरा माग एकदम चालू होते.

शिवलीला तिथं सही करायला गेली होती. वय एकेचाळीस, एका कॉलेजात ग्रंथपाल. तिचे वडील, अप्पा, जाऊन सोळा दिवस झाले होते. सोळा दिवसांत ती रडली नव्हती. लोक यायचे, बसायचे, चहा घेऊन जायचे. ती कपबशा विसळायची.

अप्पा म्हणजे शिवयोगी मास्तर. चाळीस वर्षं त्यांनी चादरींची नक्षी काढली. चौकटीच्या कागदावर लाल पेन्सिलीनं एकेक घर भरायचं. कागदावरच्या एका ओळीचं एक पुठ्ठ्याचं कार्ड, भरलेल्या घराला भोक. अशी शेकडो कार्डं दोऱ्यानं ओवून मागावर चढवली की तेच चित्र कापडात उतरतं.

त्यांचं सगळ्यात खपलेलं चित्र म्हणजे कोटवाला.

कोटवाला हा एक बोकड. अंगात आखूड कोट, दोन पायांवर चालणारा. मूळचा तो अप्पांचा नव्हे. शिवलीलाचे आजोबा गड्ड्याच्या जत्रेत तंबूतल्या सिनेमावाल्याकडे कामाला होते. तिथल्या टाकाऊ रिळांत त्यांना मुक्या सिनेमाच्या काळातल्या एका कार्टूनची हातभर फिल्म सापडली. बिस्किटांच्या डब्यात ती घरात राहिली. ते कुणी काढलं, कुठल्या देशात, बोकडाचं नाव काय, कुणालाच ठाऊक नाही. फिल्ममध्ये तो सरळ पुढं बघत चालतो. एवढंच.

अप्पांनी त्याला चादरीच्या काठावर आणलं. एका ओळीत अकरा कोटवाले. आणि एकच बदल केला.

मान वळवली.

त्यांचा कोटवाला मागं बघत चालायचा.

का, ते शिवलीलाला माहीत होतं. अप्पांचा डावा पाय अधू होता, हातात काठी. तरी तिला शाळेत सोडायला जाताना ते चार पावलं पुढंच असायचे. काठीचा ठोका आणि मागून पायाची फरफट. ठक… खर्र. ठक… खर्र. प्रत्येक वळणावर आवाज थांबायचा. अप्पा मान वळवून बघायचे. ती येते आहे ना.

तसाच एक फोटोही होता. काकांनी जत्रेत काढलेला. गर्दीत पुढं अप्पा, मान वळवून तिच्याकडं बघणारे. तो ती पाकिटात ठेवायची.

"परदेशातली ऑर्डर हाय, लीला," शरणबसवअण्णा म्हणाले. कारखाना त्यांचा. "कोटवालाच पायजे त्यास्नी. पण चित्र कुणाचं, त्याचा कागद मागतायत. आता बोकडाचा सातबारा कुटनं आणू मी?"

शेजारी बसलेली वकील रुपाली हसली. मग शिवलीलाकडं बघून तिनं समोरचे कागद सरळ केले.

"ताई, मूळ कार्टून शंभर वर्षं जुनं आहे," ती म्हणाली. "त्याच्यावर आता कुणाचाच हक्क राहिलेला नाही. प्रश्न फक्त मानेचा आहे."

"मानेचा?"

"मास्तरांनी ती वळवली असेल, तर तेवढं काम त्यांचं. त्यांच्यामागं साठ वर्षं तुमचं. मग करार करावा लागेल. तुम्हाला सगळं सांगावं लागेल. कधी काढलं, कशावरून काढलं, मान का वळवली."

"आणि दुसरा मार्ग?"

"दुसरा सोपा. मास्तरांनी जुन्या फिल्मवरून चित्र जसंच्या तसं उतरवलं, स्वतःचं त्यात काही घातलं नाही, असं वारस म्हणून लिहून द्यायचं. एक पान."

"घाई न्हाय बरं का," अण्णा मध्येच म्हणाले. "मास्तरचं नाव घालूनच करार करू म्हणलीस, तर माझी ना न्हाय. थांबतील ते लोक. न्हाय तर जातील."

मान का वळवली…

ते या टेबलावर सांगायचं. समोर चहाचे कप, भिंतीवर कॅलेंडर. रुपाली लिहून घेणार. मग परत वाचून दाखवणार.

"एक पानच द्या," शिवलीला म्हणाली.

"ताई, हे खरं आहे ना? म्हणजे मास्तरांनी काही बदललं नव्हतं?"

"नव्हतं."

तिनं सही केली. पेनाचं टोपण लावलं.

आणि…

अठराही माग एकदम थांबले.

लाईट गेली म्हणावी, तर डोक्यावरचा पंखा फिरत होता. अण्णांनी मान वर केली. चाळीस वर्षांत, लाईट असताना, असली शांतता त्यांनी भरदिवसा ऐकली नव्हती.

मग बाहेरच्या बोळातून आवाज आला.

ठक… खर्र.

ठक… खर्र.

"कोण हाय रं तितं?" अण्णा ओरडले.

दार उघडंच होतं. आवाज दारावरून पुढं गेला. दारात कुणी दिसलं नाही. उन्हाचा पट्टाही हलला नाही.

बोळ संपतो तिथं गेटकडं वळण आहे. शिवलीला श्वास रोखून बसली. आता थांबेल. आता…

थांबला नाही.

तसाच पुढं गेला. ठक, खर्र. ठक, खर्र. लांब, आणखी लांब, मग नाही.

माग पुन्हा धडधडायला लागले.

पाचेक मिनिटांनी विणकर शिवपुत्र धावत आला. हातात मागावरून कापून काढलेली चादर.

"अण्णा, कार्डांना कुणी हात लावला काय? मुंडकी फिरलीत की! हे बघा. सकाळचा काठ मागं बघतोय, आत्ताचा पुढं."

त्यानं चादर टेबलावर पसरली. सगळे वाकले.

दोन्ही काठांवर अकरा-अकरा कोटवाले. सगळे सरळ पुढं बघत होते.

"आत्ता होते की ओ…" शिवपुत्र म्हणाला. "आत्ता हितं मागं बघत होते."

शिवलीलानं पिशवीतून अप्पांचा मूळ कागद काढला. दाखवायला म्हणून आणला होता. लाल पेन्सिल, अप्पांचाच हात, कोपऱ्यात त्यांची बारीक सही. खोडल्याची एकही खूण नाही.

कागदावरचा कोटवालाही पुढं बघत होता.

अण्णांनी टॉवेलानं तोंड पुसलं. "मी तर इतकी वर्षं बघतोय…" एवढं बोलून ते अडखळले. काठावरच्या एकेका बोकडावरून बोट फिरवत गेले. मग हळूच म्हणाले, "पुढंच बघत असंल. तूच तर लिवून दिलंस."

घरी अव्वा, शिवलीलाची आई, कोटवाल्याच्याच चादरीवर झोपते. अप्पांच्या खाटेवरची ती जुनी चादर तिनं तीस वर्षं स्वतःच्या हातानं धुतली आहे.

"अव्वा, आपला कोटवाला कुठं बघायचा गं?"

"कुटं म्हंजी? पुढं. चालणारा पुढंच बघतोय की."

"मागं नाही?"

अव्वानं तिच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

आठवड्यानं शिवलीला रुपालीकडं गेली. कागद परत हवा होता.

"रद्द करायचा अर्ज देता येईल, ताई," रुपाली म्हणाली. "पण त्यांनी मान वळवली होती, याला काहीतरी पुरावा लागेल. एखादी जुनी चादर?"

जुन्या चादरी तिनं बघून झाल्या होत्या. मोहोळच्या आत्याकडची, शेजारची, कॉलेजातल्या शिपायाच्या नातीची. सगळे पुढं.

"तो विणकर साक्ष देईल का?"

शिवपुत्रला तिनं विचारलं होतं. तो बुचकळ्यात पडला. "मी? मी असं कवा म्हणलो, ताई?" खोटं बोलत नव्हता. त्याला आठवतच नव्हतं.

म्हणजे आता कागदावर लिहिलंय तेच खरं आहे. अप्पांनी स्वतःचं काही घातलं नाही. उलटं सांगणारी जगात एकटी शिवलीला उरली आहे, आणि तिची सही कागदाच्या बाजूनं आहे.

म्हणून ही हकीकत इथं लिहून ठेवली. कोटवाल्याची मान शिवयोगी मास्तरांनी वळवली होती. मागं राहिलेल्या मुलीसाठी.

ती अजून रडलेली नाही. सकाळी कॉलेजला जाते, पुस्तकं देते, घेते. कधी भर दुपारी घरी चालत येताना पुढून आवाज येतो. चारच पावलांवर. ठक… खर्र. ती पाय उचलते, तोही उचलतो. ती थांबते.

तो थांबत नाही. वळणावरही नाही.

निघताना रुपालीनं सहज विचारलं होतं, "एखादा जुना फोटो वगैरे?"

फोटो एकच आहे. त्यात कोटवाला नाही. नुसती जत्रा आहे, आणि गर्दीत पुढं अप्पा, मान वळवून…

तो तिच्या पाकिटाच्या आतल्या कप्प्यात आहे.

त्या मंगळवारपासून तिनं तो कप्पा उघडलेला नाही.