परतीचं वजन

अकरा वर्षं ती लोकांना आफ्रिकेला धाडत होती आणि स्वतः मात्र कचेरीच्या चार टेबलांपलीकडे गेली नव्हती. कुठल्या उद्यानात कुठल्या महिन्यात हत्ती नदीवर उतरतात, कुठल्या तळावर तंबूत गरम पाणी मिळतं, जीपच्या कुठल्या बाकावर धूळ कमी खावी लागते, सगळं तोंडपाठ. यंदा साहेबांनीच टोकलं, "दुसऱ्यांच्या सहली आखता आखता म्हाताऱ्या व्हाल. एकदा स्वतःची आखा."

म्हणून तिने आखली. ती, नवरा आणि आठ वर्षांची लेक भिंगरी. नवरा शाळेत पीटी शिकवायचा. अख्खी गल्ली त्याला मास्तर म्हणायची, तीही मास्तरच म्हणायची.

आराखडा पहिला

दिवस १ ते ३ : उत्तरेकडचं गवताळ रान. जीपने सकाळ-संध्याकाळ.
दिवस ४ : छोट्या विमानाने नदीकाठच्या तळावर. दुपारी विश्रांती.
दिवस ७, रविवार : त्याच विमानाने परत.

छोट्या विमानाची एक कटकट असते. प्रत्येकाचं वजन आधी कळवावं लागतं, बूट घालून. त्यावरून कोण कुठे बसणार ते ठरतं. वय आणि वजन कुणी खरं सांगत नाही, म्हणून ती प्रत्येकाच्या आकड्यात गुपचूप तीन किलो घालायची. हात बसलेला होता, घरच्यांच्याही आकड्यांत घातले. मास्तर ८१, ती ६२, भिंगरी २७. परतीचा रकाना तिने रिकामा सोडला. तो सगळेच रिकामा सोडतात, कारण परतताना तळावरचे लोक त्यांच्या काट्यावर मोजतात.

दुसऱ्या दिवशी तळाचं उत्तर आलं. परतीचा रकाना भरलेला होता.

मास्तर ७९. ती ६०. भिंगरी ४४.

"म्हणजे आपण दोघं उपाशी आणि ही एकटी हादडणार," मास्तर म्हणाले.

"अहो, चेष्टा नको. रिकामा असतो तो रकाना."

"असेल कुणाच्या तरी पोरीचा आकडा. चुकून आला असेल."

तिलाही तसंच वाटलं. वाटून घ्यावंसं वाटलं.

आराखडा दुसरा

दिवस ४ : नदीकाठ नको. डोंगराकडचा तळ.
परत : एक आठवडा उशिरा.

उत्तर आलं. तळ बदलला होता. परतीची तारीख मात्र तीच होती, तोच रविवार. मास्तर ७९. ती ६०. भिंगरी ७१.

तिने कचेरीतून फोन लावला. भरदुपार होती, शेजारच्या टेबलावर कुणीतरी जोडप्याला समुद्रकिनारा विकत होतं. पलीकडचा माणूस सौजन्याने बोलत होता.

"परतीचं वजन आम्ही आमच्या काट्यावर घेतो, बाई. त्यात चूक होत नाही."

"पण आम्ही अजून आलोच नाही."

"थांबा. पुन्हा बघतो."

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग पावलं. मग जाड लाकडी फळी दबल्याचा करकर आवाज, लांबलेला, सावकाश. मग तो परत आला.

"एकशे अठरा. झोपलीय. शांत आहे."

"कोण झोपलंय?"

"हळू बोला," तो म्हणाला, आणि फोन कट झाला.

तिने पुन्हा लावला, चारदा. नुसती घंटी वाजत राहिली.

आराखडा तिसरा

~~भिंगरी~~
दोघंच जाणार. पोरगी मावशीकडे राहील.

"मी का नाही?" भिंगरीने विचारलं. "मी काय पाप केलंय?"

"तिकडे डास फार असतात," ती म्हणाली. याहून बरं काही सुचलं नाही.

उत्तर संध्याकाळच्या आत आलं. जाणारे : दोन. परतणारे : तीन. मास्तर आणि ती, होते तेच आकडे. तिसऱ्या ओळीत भिंगरीचं पूर्ण नाव, पासपोर्टावर असतं तसं, आणि पुढे १९०.

या वेळी मास्तर हसले नाहीत. त्यांनी न्हाणीघरातला काटा दिवाणखान्यात आणला, भिंगरीला त्यावर उभं केलं आणि स्वतः खाली वाकून आकडा वाचला. चोवीस.

"रद्द कर," ते म्हणाले. "सगळंच. साहेबांना मी सांगतो."

आराखडा चौथा

काही नाही.

तिने रद्द केल्याचं पत्र पाठवलं. तिला दोन ओळींचं उत्तर आलं.

जाणं रद्द केलं आहे.
परतणं कायम. रविवार, दुपारी चार.

त्या आठवड्यात भिंगरी रोज तीनदा काट्यावर उभी राहिली. सोमवारी चोवीस. मंगळवारी चोवीस. गुरुवारी तिने ओठ काढला. "आई, मी काय बटाटे आहे का? सारखं तोलतेस."

शनिवारी चोवीस.

रविवारी सकाळी चोवीस.

त्यांनी दाराला आतून कडी घातली. खिडक्याही लावल्या. कुणापासून, ते दोघांनी एकमेकांना विचारलं नाही. भिंगरी कोचावर चित्र काढत बसली होती. साडेतीनच्या सुमारास तिच्या हातातला खडू गळला. ती कुशीवर वळली आणि झोपली.

दोघं समोर खुर्च्या टाकून बसली. घड्याळात चार वाजले.

चार वाजून पाच.

चार वाजून वीस.

खाली रस्त्यावरून कुणाची तरी सायकल गेली. भिंगरीचा श्वास नेहमीसारखा होता, किंचित शिट्टी वाजणारा. घरात काहीही हललं नाही.

"झालं ना समाधान?" मास्तर हळूच म्हणाले. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच त्यांचे खांदे सैल झाले. "आकडे बघून बघून डोकं फिरायची पाळी आली होती."

तिला रडू फुटेल असं वाटलं. "मान अवघडेल तिची. आत नेऊन निजवा."

रोजचंच काम. कोचावर झोपलेली पोर उचलायची, खांद्यावर टाकायची, पलंगावर ठेवायची. मास्तर वाकले. एक हात त्यांनी मानेखाली घातला, दुसरा पाठीखाली.

तसेच वाकलेले राहिले.

"काय झालं?"

मानेखालचा हात मास्तरांनी सावकाश काढून घेतला. दुसरा निघाला नाही. त्यांच्या मनगटाशी शीर फुगली होती, बोटं दिसतच नव्हती. कोचाची गादी खालच्या फळीला टेकली होती.

भिंगरीचा श्वास संथ चालू होता. शिट्टी आता वाजत नव्हती.

ती पुढे झाली. तिने पोरीच्या खांद्याकडे हात नेला.

"नको," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "तिला उठवू नकोस."

त्यांच्या कपाळावरून घामाचा थेंब सुटला आणि भिंगरीच्या गालावर पडला. दोघांनी श्वास रोखला.

"फक्त माझा हात सोडव."