अंगठ्यातली जाग

"ताई, खालून माझा स्लाइडचा डबा आणतेस का?" असं धाकटीनं विचारलं, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. वर संशोधन संस्थेचे संचालक तिच्या प्रयोगाचे निकाल बघायला बसले होते. ताई जिना उतरली.

पंधरा वर्षं ताई एकाच कोड्याला डोकं लावून बसली होती. पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू तुटला की तिथं वण धरतो, आणि तुटलेले तंतू वणापर्यंत येऊन थबकतात. धाकट्या बहिणीला या कामात तिनंच आणलं, सुरी धरायला तिनंच शिकवलं. आणि दोनच वर्षांत धाकटीच्या प्रयोगातले तंतू वण पार करून गेले होते.

सूक्ष्मदर्शकाच्या खोलीला खिडकी नव्हती. भरदिवसा तिथं डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नसे. स्पिरिटचा वास, यंत्राची संथ घरघर, अंगाला चिकटणारा गारवा... ताईनं डब्यातली सगळ्यात चांगली स्लाइड काढून भिंगाखाली धरली. कुठंतरी चूक सापडावी, एवढीच इच्छा होती.

चूक नव्हती. राखाडी वणातून हिरवे तंतू सुळसुळत पलीकडे गेले होते. वर्षभरापूर्वीच काचेवर बसवलेला, कधीच मेलेल्या मज्जारज्जूचा काप तो. ताईनं डोळे चोळून पुन्हा पाहिलं. एक तंतू आता जरा पुढं आला होता. काचेच्या कडेकडे, जिथं तिचा अंगठा होता तिकडे.

भीतीनं की मत्सरानं, तिला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही, पण तिनं ती काच कटकन मोडली. तुकडा अंगठ्यात खोल रुतला.

हातातून निसटली, असं तिनं वर सांगितलं. धाकटीनं आपला रुमाल तिच्या अंगठ्याला बांधला. "जाऊ दे गं. मी दुसरी करीन."

खरंच करणार होती, हेच ताईला झोंबलं.

अंगठ्याची नस तुटली आहे, शेंडा बधिर राहील, असं डॉक्टर म्हणाले. तीन महिने सुई टोचली तरी कळत नव्हतं. मग एका सकाळी रिकामा हात टेबलावर असताना अंगठ्याला कपाचा चटका बसला. शेजारच्या खोलीत धाकटी चहा पीत होती.

त्यानंतर धाकटीचं पेन, तिचे ओले केस, यंत्राचा थंड स्क्रू, सगळं तिथं उमटू लागलं. ताईनं घाबरायला हवं होतं. पण ती डोळे मिटून त्या स्पर्शांच्या मागावर राहू लागली. धाकटीला स्वतंत्र प्रयोगशाळा मिळाली, त्या दिवशी संचालकांनी केलेलं हस्तांदोलन ताईला बसमध्ये बसल्याबसल्या कळलं. खिडकीकडे तोंड करून ती रडली.

धाकटी दुसऱ्या शहरात गेली. एका सुट्टीच्या सकाळी ताई कपडे वाळत घालत होती, तेव्हा तिचा अंगठा कुणीतरी अलगद मुठीत घेतला. म्हणजे हिनं माणूसही शोधला, आणि मला सांगितलंसुद्धा नाही, असं तिला वाटलं. तिनं फोन लावला.

"कोण आहे गं तुझ्याजवळ?"

"कोणी नाही. अंधाऱ्या खोलीत स्लाइडा बघतेय. आज अख्ख्या इमारतीत मी एकटीच... का गं?"

मूठ घट्ट होत होती. आवाजावरून धाकटीला मात्र काहीच जाणवत नव्हतं. 'आत्ताच्या आत्ता बाहेर पड' एवढंच ताईला म्हणायचं होतं. पण मग तुला कसं कळलं, असं धाकटीनं विचारलं असतं, आणि सगळंच सांगावं लागलं असतं. त्या मोडलेल्या काचेसकट.

"काही नाही," ताई म्हणाली. "सहज केला."

फोन ठेवून तिनं डोळे मिटले आणि अंगठ्यावरची बोटं एकेक करून मोजली. सगळी एकाच हाताची होती. सात भरली. आठवं अजून टेकत होतं.