माळावरची कोठी

“टाक तो दगड! जुलेखा, टाक आधी हातातला दगड!”

खुर्शीदाच्या किंकाळीनं सगळं घर दचकलं. मागच्या खोलीत तिची चिमुकली भाची फरशीवर मांडी घालून बसली होती. पोतं उसवून तिनं लाल मनशिळीची पूड काढली होती, त्यात डब्यातलं पांढरं पोटॅश मिसळलं होतं, आणि आता आईसारखा मसाला वाटायचा म्हणून दोन्ही हातांनी दगड उचलला होता... खुर्शीदानं झडप घालून तिचे हात वरच्यावर धरले, दगड हिसकावून घेतला आणि पोरीला उराशी कवटाळून ती तिथंच मटकन खाली बसली. तो दगड खाली आला असता तर त्या एका ठोक्यानं स्फोट झाला असता!

जुलेखा भेदरून रडू लागली. तिची आई, खुर्शीदाची भावजय आबिदा, धावत आली. “आपा, माझ्या पोरीवर हात उचललात तुम्ही?”

खुर्शीदानं त्या लाल-पांढऱ्या ढिगाकडे बोट दाखवलं, आणि आबिदाचा चेहरा पांढराफटक पडला.

जुन्या नाशकातल्या त्या अरुंद गल्लीत हे घर दारूवाल्यांचं म्हणून ओळखलं जाई. लग्नाच्या वरातीत, उरुसात, दिवाळीत उडणारे बाण आणि भुईनळे इथं तयार होत. अब्बांच्या वेळी लागेल तेवढीच दारू कुटायची आणि माल झाला की घराबाहेर काढायचा, असा शिरस्ता होता. पण खुर्शीदाच्या धाकट्या भावानं, जमीलनं, धंदा वाढवला. पार पिंपळगाव, देवळ्यापर्यंतची गिऱ्हाइकं त्यानं जोडली, आणि मुंबईहून आलेल्या पोटॅशच्या डब्यांनी, गंधकाच्या पोत्यांनी मागची खोली आढ्यापर्यंत भरली. तिच्या भिंतीला भिंत लावून देवराम तांबटाची भट्टी दिवसभर फुललेली असे!

हा जमील म्हणजे खुर्शीदाचा भाऊच काय, लेकच होता. अम्मी गेली तेव्हा तो नुकता चालू लागला होता. खुर्शीदाची मालेगावला मंगनी झालेली, कपडे-दागिने ठरलेले. पण पदराला लटकलेलं ते पोर सोडून तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडेना. सोयरीक मोडली ती कायमची. त्याबद्दल तिनं कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

“जमील, हा माल इथून हलव रे,” त्या संध्याकाळी ती हात जोडून म्हणाली. “आज अल्लानं वाचवलं. नेहमी वाचवेल का?”

“दारूवाल्याच्या घरात दारू नाही तर काय साखर असणार?” जमील हसला. “कडी लावत जाईन खोलीला.”

“आणि देवरामदादाच्या भट्टीला कोण कडी लावणार? त्यांच्याकडं म्हातारी माणसं आहेत, पोरंबाळं आहेत. सगळी गल्ली आहे...”

“आपा, धंद्यातलं तुला काय कळतं?”

तिनं पुन्हा सांगितलं, रडून सांगितलं, जेवण सोडून सांगितलं. खोलीत डबे येतच राहिले. अखेर एका सकाळी बुरखा ओढून ती घराबाहेर पडली आणि थेट फौजदारापुढं जाऊन उभी राहिली. आपल्या हातानं वाढवलेल्या भावाचं नाव सांगताना तिची जीभ अडखळली. पण तिनं ते सांगितलं.

पोलीस आले. माल जप्त झाला, जमीलला एक दिवस कोठडीत बसावं लागलं. गावाबाहेर, वस्तीपासून लांब दगडी कोठी बांधून माल तिथंच ठेवायचा, नाहीतर परवाना रद्द, असा हुकूम झाला. जमील घरी आला तो अंगार होऊनच.

“कोण गेलं होतं फौजदाराकडं?”

“मी गेले होते, जमील.”

“तू? माझी आपा?... साऱ्या गावासमोर मला चोर केलंस! आजपासून मला बहीण नाही. जा, कुठं जायचं तिथं जा!”

आबिदा दाराआड उभी राहून रडत होती, पण नवऱ्यापुढं बोलायची तिची छाती झाली नाही.

“जाते,” खुर्शीदा शांतपणे म्हणाली. “पण उघड्या माळावर माल ठेवशील, तो राखायला कोण मिळणार तुला? मीच राहते तिथं.”

जमीलनं तोंड फिरवलं. तो नको म्हणाला नाही... तेच तिच्या काळजात रुतलं.

गंगापूरच्या वाटेवर, गाव बरंच मागं पडल्यावर एक ओसाड माळ होता. वाटेजवळ कोठी उभी राहिली, आणि तिच्या पलीकडं, ओढ्याच्या अंगाला, खुर्शीदाचं झोपडं. बुधा गाडीवान बैलगाडीतून माल आणी, माल नेई. येताना तिच्यासाठी पीठमीठ आणी. कधी जमीलही गाडीवर असे. तो तिच्याकडं न बघता म्हणे, “बुधा, तिला सांग, पावसाची ओल आत जाऊ देऊ नको.” ती चार हातांवर उभी असे! मग बुधा खाली मान घालून तिला म्हणे, “आपा, मालक म्हणत्यात, ओल जाऊ देऊ नगा...” आणि ती म्हणे, “सांग त्यांना, नाही जाऊ देणार.”

माणसाचा शब्द कानावर पडावा म्हणून ती वाटसरूला मुद्दाम पाणी विचारी. पुढंपुढं तर कोठीत दारू आहे हे कळून वाटसरूही लांबून जाऊ लागले. ईदला ती शीरखुर्मा करी, दोन वाट्या भरी, वाटेकडं डोळे लावून बसे. ऊन कलल्यावर दुसरी वाटी बुधाच्या पुढ्यात ठेवी. दिवाळीत दूर गावावर बाण चढत, फुटत, हिरव्या-तांबड्या ठिणग्या सांडत... ते आपल्याच कोठीतून गेलेत हे तिला ठाऊक असे. त्या उजेडात जुलेखा किती वाढलेली दिसत असेल? फुफीची, आपल्या या आत्याची, आठवण काढत असेल का? डोळे भरून येत, आणि पुसायला कुणाची लाज नसे.

अशी वर्षं गेली. मग एका वैशाखातल्या दुपारी खालच्या शेतात कुणी तरी पाला पेटवला, आणि वारा फिरला. वाळल्या गवतातून जाळ सरसरत माळावर चढला. खुर्शीदानं ओलं गोणपाट घेऊन झोडपायला सुरुवात केली. हात भाजले, केस होरपळले, पण जाळ तिला वळसा घालून कोठीकडं सरकतच राहिला. आता ओढ्यात उतरली असती तर ती सुखरूप राहिली असती. ती वळलीही... तोच वाटेवर बैलगाडी दिसली. गाडीवर बुधा होता, आणि शेजारी जमील! चढाच्या आड असल्यामुळं त्यांना जाळ दिसतच नव्हता.

ती कोठीच्या दिशेनं धावली. पेटत्या गवतातून, कोठीच्या भिंतीला घसटून, पदर सोडून दोन्ही हात हलवत ती वाटेवर आली. “मागं फिर! जमील, मागं फिर! कोठी पेटतेय!”

बुधानं बैल वळवले. जमीलनं गाडीतून उडी टाकली आणि तो उलट तिच्याकडंच धावत सुटला. “आपा! पळ, आपा!”

किती वर्षांनी आली ती हाक! ती तिनं ऐकली, आणि त्याच क्षणी तिच्या पाठीमागं आभाळ फाटलं.

शुद्धीवर आली तेव्हा ती इस्पितळात खाटेवर होती. हातांना, पाठीला पट्ट्या होत्या. पायथ्याशी आबिदा जुलेखाला जवळ घेऊन उभी होती. शेजारी देवराम तांबट टोपी हातात घेऊन डोळे पुसत होता. आणि उशाशी जमील होता. तो तिच्या खाटेवर डोकं टेकून हुंदके देत बोलत होता.

“आपा, कोठीचा एक दगड जागेवर राहिला नाही गं! तिथं नुसता खड्डा आहे. हे आपल्या गल्लीत झालं असतं तर... माझी जुलेखा, देवरामदादाची नातवंडं... तू सगळ्यांना जगवलंस आणि मी तुला माणसांतून उठवलं. एकदा मला माफ कर, आपा. घरी चल. तुझ्याशिवाय ते घर मला खायला उठतं गं!”

जे ऐकण्यासाठी तिनं माळावरचे ते सगळे दिवस काढले होते, ते शब्द अखेर उच्चारले गेले होते. पण खुर्शीदाला त्यातलं काहीच ऐकू आलं नाही. त्या स्फोटानं तिच्या कानांतलं जग कायमचं मिटून टाकलं होतं. तिला दिसत होते फक्त त्याचे थरथरणारे ओठ आणि गालांवरून ओघळणारे अश्रू.

तिनं पट्टी बांधलेला हात कसाबसा उचलून त्याच्या केसांवर ठेवला. स्वतःचा आवाजही तिला ऐकू येत नव्हता, त्यामुळं ती फार मोठ्यानं बोलली. शेजारच्या खाटांवरची माणसं वळून बघू लागली.

“जमील, कुणी दगावलं का रे?”

त्यानं मान हलवली. नाही.

“बुधा?”

नाही.

“खालच्या शेतातली माणसं?”

त्याची मान पुन्हा पुन्हा हलली. नाही, आपा, नाही.

खुर्शीदाच्या होरपळलेल्या चेहऱ्यावर हळूहळू हसू उमललं.

“मग वेड्या,” ती म्हणाली, “रडतोस कशाला?”