राजा रोपं का उपटतो?

"त्या कमेंट मीच लिहितोय का, एवढंच शोधून द्या," रुचिर म्हणाला. "बॅग भरून ठेवलीय. मीच असेन तर पुन्हा इस्पितळात भरती होतो."

लोणावळ्यातल्या खासगी गुप्तहेर आसावरी यांच्याकडे असं गिऱ्हाईक कधी आलं नव्हतं. त्यांचे सहायक दीनानाथ तर पुरते भांबावले. बिचाऱ्यांना गेम म्हणजे फार तर पत्ते!

रुचिर एका गेमवर व्हिडिओ करायचा. गेममधला, स्वतःच पेरलेली रोपं उपटणारा वेडा राजा आणि जंगलातला बैरागी एकच. राजघराण्यानं लाजेपोटी राजा मेल्याची आवई उठवली, असा त्याचा सिद्धान्त. व्हिडिओंखाली कुणीतरी निनावी खात्यावरून कमेंट लिहीत होतं, आणि ते खातं रुचिरच्याच कॉम्प्युटरवर उघडं सापडलं. दोन वर्षांपूर्वी त्याच्यावर मानसिक उपचार झाले होते. राजासारखी आपलीही दोन माणसं झाली की काय, या धास्तीनं पोरगा खंगला होता.

आसावरींनी कमेंट वाचली. 'राजा वेडा नाही. जमीन भाजली, बी फेकलं, रोपं उपटून जुड्या बांधल्या. आता खाचरात लावील. वेडा ठरवला तो घरच्यांनी.'

"पण राजाच्या पोत्यात गहू असतो!" रुचिर चिडला. "मी त्यावर अख्खा व्हिडिओ केलाय. गहू उपटणं म्हणजे वेडेपणाच."

आसावरी आणि दीनानाथ त्याच्या घरी गेले. त्याचा मित्र श्रीयश तिथंच बसला होता.

"एडिटिंग माझं," तो म्हणाला. "ते गव्हाचं पोतं नीट दाखवता दाखवता माझी दुपार गेली."

रुचिरच्या आईनं, इंदिराबाईंनी, आधी खिडकी लावली. "हळू बोला हो, शेजारी ऐकतील. मी पुण्याच्या पेठेतली. शेतातलं मला ओ की ठो कळत नाही."

तेवढ्यात वडील हनुमंतराव वडिवळे गावच्या शेतावरून आले. "लावणीची लय घाई हाय. त्यो गेमबिम मला न्हाई कळत."

आसावरींनी सगळ्यांना बसवलं.

"रुचिर, तू नाहीस. राब भाजायचा, म्हणजे पालापाचोळा पसरून जमीन भाजायची, त्यात भात पेरायचा, रोपं उपटून खाचरात लावायची, ही मावळातली भातशेती. लिहिणाऱ्यानं गव्हाला भात समजून राजाला शहाणा ठरवलं. तुला आणि श्रीयशला गहू पाठ आहे. इंदिराताईंना शेती ठाऊक नाही. उरलं कोण?"

"म्हणजे राजाच?" दीनानाथ पुटपुटले.

"दीनानाथ, गप्प बसा."

हनुमंतरावांची मान खाली गेली. "व्हय. मीच. व्हिडिओ बघितला आन् वाटलं, पोरगं माझ्याबद्दलच बोलतंय. त्यो इस्पितळात हुता तवा म्या गावात सांगितलं हुतं, हैदराबादला नोकरीला गेलाय म्हून. माफी मागाया तोंड न्हवतं, म्हून त्याच्याच कॉम्प्युटरवर लिवलं."

"आबा, मला वाटलं मी पुन्हा..." रुचिर म्हणाला. इंदिराबाई पदरानं डोळे पुसत राहिल्या.

हनुमंतरावांनी गावातल्या थोरल्या भावाला, रखमाजींना, फोन लावला. स्पीकर त्यांनी मुद्दाम चालू ठेवला.

"दादा, रुचिर हैदराबादला न्हवता. डोक्याच्या इस्पितळात हुता. मी खोटं बोललो."

"आमाला तवाच ठावं हुतं, हणमा. तू लाजत हुतास, म्हून कुणी इचारलं न्हाई. पोरगं कसं हाय?"

रुचिरनं हनुमंतरावांच्या हातातला फोन घेतला.

"काका, मी रुचिर," तो म्हणाला. "मी बरा आहे."