नऊशे तीस अंशांतली थाप

माझ्या मामांनी आयुष्यात कधी तिखटमीठ लावून काही सांगितलेलं नाही. म्हणून हे मी खरं मानते. तुम्ही माना, नाहीतर सोडून द्या.

रविवार होता. भर दुपार. दीड वाजून गेला होता.

कारखान्यातली सगळी मशीनं बंद. चालू होती फक्त मामांची हीट ट्रीटमेंटची भट्टी. आत कडक व्हायला ठेवलेले गिअर, तापमान नऊशे तीस अंश. चारपर्यंत तिला सोडून हलायचं नाही आणि दार उघडायचं नाही. उघडलं, तर आतल्या गॅसला हवा मिळून भडका उडतो.

एरवी जोडीला मास्तर असायचे. शिकवायची भारी हौस, म्हणून ते नाव. "भट्टी म्हणजे सासू," म्हणायचे. "तिचं संपेपर्यंत मध्ये तोंड घालायचं नाही."

त्या दिवशी मास्तर सुट्टीवर होते. मामा एकटेच.

तापमानाची नोंद करत होते, तेवढ्यात...

थाप.

भट्टीच्या दारावर. आतून.

तापलं की लोखंड वाजतंच, म्हणून मामांनी दुर्लक्ष केलं.

पुन्हा... दोन थापा. हाताच्या तळव्याने मारल्यासारख्या.

आणि मग...

"अरे, दार उघड."

मास्तरांचा आवाज.

त्या आगीत माणूस असेलच कसा?

"उघड रे. जीव घुसमटतोय."

मामांचा हात दाराच्या बटणापर्यंत गेला आणि मागे आला. त्यांनी मास्तरांना फोन लावला.

दुसऱ्याच रिंगला उचलला.

"मास्तर, कुठे आहात?"

"घरी. का रे?"

"बरे आहात ना?"

"मला काय धाड भरलीय? तू भट्टी बघ. दार उघडू नकोस."

धीर यावा म्हणून मामा उगाच इकडचं तिकडचं बोलत राहिले. मग फोन ठेवला.

थापा चालूच होत्या... पण मंद होत चाललेल्या.

चारच्या सुमारास थांबल्या.

मामांनी दार उघडलं. आत गिअरच होते. दुसरं काही नाही.

संध्याकाळी मास्तरांच्या बायकोचा फोन आला. त्या सकाळीच माहेरी गेल्या होत्या. परत आल्यावर बाथरूमचं दार फोडलं, तर मास्तर आत पडलेले. छातीत कळ आली होती आणि दाराची कडी आतून अडकली होती. शेजाऱ्यांनी एक वाजल्यापासून ठोकाठोक ऐकली होती. त्यांना वाटलं, काहीतरी दुरुस्ती चाललीय.

डॉक्टर म्हणाले, चारपर्यंत जीव असावा.

आणि मास्तरांचा फोन... बाहेरच्या खोलीत, चार्जिंगला लावलेला.

चार दिवसांनी मास्तरांच्या बायकोने तोच फोन मामांसमोर धरला. एक छत्तीसचा कॉल. उचललेला. तीन मिनिटं.

"भाऊजी, शेवटचं ते तुमच्याशीच बोलले. काय म्हणाले हो?"

मामांनी फोन हातात घेऊन ती नोंद पुन्हा पुन्हा वाचली.

आता मामा फोनवरच्या कुणाच्याही शब्दावर विसंबत नाहीत. परवा मी त्यांना म्हटलं, "मी बरी आहे, मामा."

तासाभरात ते आमच्या दारात उभे होते. घरात येण्याआधी त्यांनी माझा हात धरून पाहिला. बराच वेळ सोडला नाही.