हात सोडायचा नाही

देवाची शपथ, माझ्या गळ्याची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझे उरलेले तीन दात पडू देत, आणि तिन्ही पुढचेच आहेत.

तर बार्शीत तेव्हा पैसे खिशात नसायचे, मनगटात असायचे. नोटा गेल्या, नाणी गेली, कार्डं गेली, मोबाईल दाखवून पैसे देणंही गेलं. मोबाईल चोरता येतो, अंगठ्याचा ठसा मेणावर उठवता येतो. उरली नाडी. दुकानादुकानात साबणाच्या वडीएवढी नाडीपेटी. तिच्यावर मनगट टेकवायचं. ती ठोके ऐकणार, नाव घेऊन नमस्कार करणार आणि पैसे कापून घेणार. नंदीबैलवाल्याच्या बैलाच्या गळ्यातसुद्धा नाडीपेटी होती. पैसे पोचले की बैल मान हलवायचा.

यामागचं शास्त्र सोपं आहे. काळीज सगळ्यांचं धडधडतं, पण एकासारखं दुसऱ्याचं नाही. कुणाचा ठोका चढताना अडखळतो, कुणाचा उतरताना रेंगाळतो. जिन्यावर पाऊल वाजलं की घरातल्यांना न बघता कळतं ना, कोण आलं ते? तसंच. हे शोधून काढलं डॉक्टर मंजिरी अष्टपुत्रेने. बार्शीचीच पोर. जिवंत माणसाची नाडी कुणाला चोरता येत नाही, असं ती म्हणायची, आणि ते खरंच होतं.

मंजिरीच्या लग्नाचा चुडा भरला होता कमळाक्का वेळापुरेने. कमळाक्का कासारीण. बाजारात तिचा बांगड्यांचा गाळा, भाड्याचा. तिची एक रीत होती. गिऱ्हाईकाचा हात एकदा हातात घेतला की चुडा पुरा होईपर्यंत सोडायचा नाही. नवरी रडो, ओरडो, अर्ध्यात हात सोडला तर अपशकुन. "कळ एका क्षणाची, चुडा जन्माचा," असं म्हणून ती हात असा दाबायची की बांगडी लोण्यातून गेल्यासारखी जायची.

एके दिवशी चुडा भरता भरता कमळाक्काच बसल्या जागी कलंडली. आणि खरं सांगते, पडतानाही गिऱ्हाईकाचा हात सोडला नाही. बिचारं गिऱ्हाईक तिच्याबरोबर दवाखान्यात.

डॉक्टरांनी छातीत पेसमेकर बसवला. म्हणजे काळजाला आठवण करून देणारं यंत्र. दमलेलं काळीज थांबायला लागलं की ते टोचतं, चल बाई, चल. कमळाक्काचं काळीज इतकं दमलेलं होतं की सगळे ठोके यंत्रच द्यायचं.

घरी आल्यावर लेकीने, रेणुकाने, तिला गूळ आणायला पाठवलं, तेवढेच पाय मोकळे होतील म्हणून. कमळाक्काने मनगट टेकवलं. पेटी गोड आवाजात म्हणाली, "नमस्कार, रघुवीर डोळे."

"मेल्या, मी बाई आहे!" कमळाक्का पेटीवर ओरडली. पण पैसे कापले गेले, गूळ मिळाला.

संध्याकाळी दुकानदार फोन घेऊन आला. पलीकडून लातूरचे रघुवीरराव तणतणत होते. "माझ्या पैशांनी गूळ कोण खातंय? मला साखरेचा आजार आहे!"

झालं होतं असं, की दोघांच्या छातीत एकाच कंपनीचं, एकाच जातीचं यंत्र. त्याचा ठोका सगळीकडे सारखा, शाळेच्या घंटेसारखा. रघुवीररावांनी नाडी नोंदवली यंत्र बसल्यावर, कमळाक्काने मात्र तिचं यंत्र बसायच्या कितीतरी आधी. मग पेटीला दोघं एकच वाटणार नाहीत तर काय! गुळाची तक्रार वर गेली आणि आठवड्याच्या आत यंत्राच्या सगळ्या नाड्या बाद झाल्या. ज्यांच्या ज्यांच्या छातीत यंत्र, त्यांना मिठाची पुडी मिळेना.

कमळाक्काला मिठाचं काही नव्हतं, रेणुका आणायची. पण गाळामालकाने गाळा विकायला काढला होता. दसऱ्यापर्यंत पैसे दिले तर कमळाक्काला, नाहीतर आइस्क्रीमवाल्याला. जन्मभर साठवलेले पैसे बरोबर तेवढे होते. पण होते कमळाक्काच्या जुन्या ठोक्यांखाली. रेणुकाकडे मीठमिरचीपलीकडे स्वतःचं काही नव्हतं, गाळा गेला की मायलेकी रस्त्यावर.

कमळाक्का थेट मंजिरीकडे गेली.

"मंजू, माझी नाडी परत नोंदव."

"अक्का, नाडी एकदाच नोंदवता येते. दोनदा यायला लागली तर चोरसुद्धा येऊन तुमच्या नावावर नोंदवेल."

"मग कागदावर सही घे."

"कागद खोटा करता येतो, म्हणून तर हे सगळं केलं."

"म्हणजे चोराला येत नाही आणि मलाही येत नाही. छान केलंस हो! तुझ्या चुड्यात एक बांगडी जास्त घातली होती मी, फुकट."

मंजिरी ओशाळली. दोन दिवसांनी ती एक बांगडी घेऊन आली. काळी, जड, लोहचुंबकाची.

"ही छातीशी धरलीत की यंत्र गप्प बसतं. मग तुमचं स्वतःचं काळीज चालतं, जसं चालेल तसं. तेवढ्यात दुसरं मनगट पेटीवर टेकवायचं. ती तुम्हाला ओळखेल."

"मग अडलंय कुठे?"

"रक्कम मोठी तितकी पेटी जास्त वेळ ऐकते. मिठाला चार ठोके. गाळ्याला दोन मिनिटं. अक्का, तुमचं काळीज दोन मिनिटं एकटं चालेल, याची मी खात्री देत नाही. डोळे फिरले की हात लगेच छातीवरून काढायचा. लगेच."

"आणि माणूस मेलं तर पैशाचं काय होतं गं?"

"ते आपोआप वारसाकडे जातात. नाडी थांबली की पेटी स्वतःच करते. त्यात काही अडचण येत नाही."

"बघ की," कमळाक्का हसून म्हणाली, "मेलेल्यांची सोय केलीस. राहिलो ते आम्ही मधलेच."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाळ्यात पेटी मांडली. मालक समोर, मंजिरी शेजारी. कमळाक्काने चुंबकाची बांगडी स्वतःच चढवली, घट्ट. सैल बांगडी म्हणजे कासाराची बेअब्रू. डावा हात छातीशी नेला आणि रेणुकाला म्हणाली, "हा दाबून धर. मला धरवायचा नाही. आणि पुरं झाल्याशिवाय हात सोडायचा नाही. कुणाची लेक आहेस, लक्षात ठेव."

उजवं मनगट पेटीवर टेकलं.

"नमस्कार, कमळाबाई वेळापुरे," पेटी म्हणाली.

कमळाक्काचं तोंड असं फुललं, जसं माहेरचं कुणी भेटावं. ठोके चालले. मग लांब लांब पडायला लागले. मग तिचे डोळे फिरले. मंजिरी ओरडली, "हात काढ! रेणुका, हात काढ!"

रेणुकाने हात आणखी घट्ट दाबला. लहानपणापासून ज्या गाळ्यात एकच शिस्त शिकली, तिथे दुसरं तिला सुचणार कसं? मंजिरी तिचं मनगट ओढत राहिली, पण कासारणीच्या बोटांची पकड ती.

पेटी तितक्याच गोड आवाजात म्हणाली, "कमळाबाई वेळापुरे यांची नाडी थांबली आहे. सर्व रक्कम वारस रेणुका वेळापुरे यांच्याकडे जमा. धन्यवाद."

आता पुरं झालं होतं. रेणुकाने हात सोडला. चुंबक दूर झालं, यंत्र जागं झालं, टोचलं, चल बाई, चल. आणि कमळाक्का उठून बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "मालकांना चहा दिला का गं कुणी?" सरकारदरबारी मेलेली, गाळ्यात हसत बसलेली! पुढे वर्षानुवर्षं ती फुकट जगली, कारण मेलेल्याकडे पैसे कोण मागणार?

हे मी असंच, तीन दातांच्या शपथेसकट, कितीतरी जणांना सांगितलं, सगळे हसले. पण आज सकाळी भाकरी चावताना माझा एक दात पडला. दोन राहिलेत, म्हणून सांगून टाकते. ते उठून बसणं आणि चहाचं विचारणं तेवढं माझ्या पदरचं. यंत्र जागं झालं खरं, बराच वेळ टोचत राहिलं. काळीज काही चाललं नाही.

बाकी सगळं खरं. गाळा आहे, रेणुकाच्या नावावर आहे, जाऊन बघा. अजून चुडे भरते ती. फक्त एखादी पोर "दुखतंय" म्हणाली की लगेच हात सोडते. चुडा अर्धा राहिला तरी.