कानबाईच्या मुंडावळ्या

"साहेब, माझी सून खोटं बोलत नाही. आणि कानबाई तर बोलणारच नाही. मग मी खरं कुणाचं धरू?"

एवढं बोलून रंभाबाईने हाताने डोळे पुसले. बोटांवरची सोनेरी चकाकी गालाला लागली. घरी बसून जरीच्या फिरक्या भरणाऱ्या सुरतेतल्या बायकांची बोटं अशीच चमकतात, सणाला आणि सुतकालाही.

चौऱ्याहत्तर सालचा श्रावण होता. बाजीराव सोनवण्यांची उमेदीची वर्षं विमा कंपनीसाठी जळालेली गोदामं तपासण्यात गेली होती. आता ते सुरत स्टेशनाजवळ खोली घेऊन खासगी चौकशा करत. त्यांचा सोबती भाईदास जेवणात चपळ, बाकी सगळ्यात सावकाश. पण मनाने सोन्यासारखा, म्हणून बाजीराव त्याला सोडत नसत.

रंभाबाईने सांगितलं ते असं. खानदेशातून मागावर काम करायला आलेल्या या माणसांनी गाव सोडलं, पण आपली देवी कानबाई बरोबर आणली. काल नवागामच्या चाळीत, तिच्या खोलीत देवी बसली. धाकटी सून सीता हिचं पहिलंच वर्ष, म्हणून पूजेचा पहिला मान तिचा. सीतेने ओलेत्याने येऊन कलशाला हात लावला आणि किंचाळून मागे पडली. नवरा सुकदेव म्हणाला, वीज असेल, आणि त्याने वरचा दिवा बंद केला. सीतेने पुन्हा हात लावला. पुन्हा तेच. मग घरातल्या सगळ्यांनी कलशाला हात लावून पाहिला, तर कुणाला काही झालं नाही.

भाऊबंदांत धुडकूदादाचा शब्द शेवटचा. तो म्हणाला, देवीने सून झिडकारली. आज दुपारच्या भुसावळ पॅसेंजरने तिला अमळनेरला माहेरी सोडा, मगच विसर्जन करू.

"एकदा गेली की परत आणू द्यायचे नाहीत," रंभाबाई म्हणाली. "मला लेक नाही, साहेब. आत्ता कुठे झाली होती."

बाजीरावांनी चपला घातल्या. भाईदासने ताटातला गाठिया खिशात टाकला.

चाळीतल्या त्या खोलीच्या दारात पत्र्याची ट्रंक बांधून तयार होती. तिच्याशेजारी सीता बसली होती, रडून रडून थकलेली. आतली जमीन शेणाने सारवलेली. पावसाळी हवेत ती वाळता वाळत नव्हती. समोर लाकडी चौरंगावर तांब्याचा कलश, त्यावर नारळाची कानबाई. नथ, कुंकू, आणि वरच्या दिव्याच्या वायरीपासून कलशापर्यंत लोंबणाऱ्या जरीच्या मुंडावळ्या. चौरंगापुढे पाट मांडलेला.

"काय देखणं काम आहे," भाईदास म्हणाला आणि हात पुढे करू लागला. बाजीरावांनी त्याची कॉलर धरून मागे ओढला.

त्यांनी एकेकाला गाठलं. थोरली सून मालती तोंड फिरवून पोळ्या लाटत होती. यंदाचा मान तिलाच हवा होता, हे तिने लपवलं नाही. पण नजर सारखी त्या ट्रंकेकडे जात होती. सीतेनंतर कलशाला हात लावणारी पहिली तीच. कशी बसली होतीस, असं बाजीरावांनी विचारलं, तर ती म्हणाली, बसणार कशी, सगळे बसतात तशी, पाटावर.

"आणि सीता?"

"पहिल्या वर्षीची सून देवीपुढे पाट घेत नाही. आमच्या घरची रीत आहे. ती खाली गुडघ्यावर होती."

सुकदेव पिळवटून गेला होता. बायकोच्या पहिल्या कानबाईला देवीच्या तोंडावर उजेड पडावा, म्हणून त्यानेच छतावरून वायर ओढली होती. ती आखूड पडली, तेव्हा दुसरा तुकडा जोडला. कसा जोडलास, असं विचारल्यावर तो म्हणाला, मागावर धागा तुटला की गाठ मारतो तसा, वर सूत गुंडाळलं.

चाळीचा मालक ठाकोरभाई दारातूनच बोलला. त्याला ही खोली पुतण्यासाठी हवी होती, हे साऱ्या चाळीला ठाऊक. बटण त्यानेच गेल्या आठवड्यात बदलून दिलं होतं. "दाबलं की बत्ती चालू थाय, परत दाबलं की बंद थाय. बीजुं शुं जोईए, आणखी काय पाहिजे?"

भाईदास बाजीरावांच्या कानाशी लागला. मालकच, नाहीतर ती थोरली सून. दोघांच्याही पोटात दुखतंय.

"पोटात दुखलं म्हणून कुणी झटका देत नाही," बाजीराव म्हणाले. "सगळ्यांना आत बोलवा. धुडकूदादांना पुढे बसवा."

खोली भरली. दिवा बंद होता. बाजीरावांनी खिशातून टेस्टर काढला, पाटावर उभे राहून त्याचं टोक कलशाला टेकवलं आणि मुठीवर बोट ठेवलं. टेस्टरमध्ये बारीक लाल उजेड पेटला.

"दादा, ही वीज आहे. देवीचा कोप नाही."

"दिवा बंद असताना?" धुडकूदादा म्हणाला.

"तिथेच सगळे फसले. वायरीत दोन तारा असतात. एकीने वीज येते, दुसरीने परत जाते. बटण येणाऱ्या तारेवर लागतं. ठाकोरभाईंनी ते परतीच्या तारेवर बसवलं. त्यामुळे दिवा विझतो, पण वीज घरात येऊन उभीच राहते. सुकदेवने बटण बंद केलं आणि सगळ्यांना वाटलं, वीज गेली."

ठाकोरभाई खाली बघू लागला.

"मग आम्हाला कसं काही झालं नाही?" मालतीने विचारलं.

"कलश लाकडी चौरंगावर आहे. तुम्ही लाकडी पाटावर होता, कोरड्या लुगड्यात. विजेला जमिनीत जायला वाट मिळाली नाही. सीता ओलेती, ओल्या जमिनीवर गुडघे टेकून. तिच्यातून वाट मिळाली. तिने तुमची रीत पाळली, दादा, म्हणून तिला झटका बसला. जीव वाचला हे नशीब."

मग भाईदासने नेमका नको तो प्रश्न विचारला. वायर तर वर छताशी आहे, वीज कलशात उतरली कशी?

बाजीरावांनी रंभाबाईकडे पाहिलं आणि म्हणाले, ते राहू द्या, दुरुस्ती करून टाकू.

पण रंभाबाई आपल्या बोटांकडे बघत होती.

"मुंडावळ्या मी बांधल्या," ती म्हणाली. "तो वायरीचा सांधा ओंगळ दिसत होता. सुनेची पहिली कानबाई, म्हणून खरी जर घेतली."

"खरी जर म्हणजे चांदीची तार," बाजीराव हळूच म्हणाले. "सुतातून आत शिरली आणि कलशापर्यंत आली. माया करताना कुणाला हे सुचतं, बाई?"

माझ्याच हाताने लेकरू मारलं असतं, म्हणून रंभाबाई रडू लागली. सीता दारातून उठून आली आणि सासूला मिठी मारून म्हणाली, "आत्याबाई, माझ्यासाठीच बांधल्या ना?"

धुडकूदादाने पागोटं काढून मांडीवर ठेवलं. म्हातारा हट्टी खरा, पण चुकलं की चुकलं म्हणणारा. पोरी, मी तुझा अपराधी आहे, असं तो चारचौघांत म्हणाला. बाजीरावांनी मीटरपाशी जाऊन फ्यूज काढला, टेस्टर पुन्हा लावून पाहिला, वायर उतरवली आणि ठाकोरभाईला बजावलं की जाणता वायरमन बोलावून बटण नीट बसवल्याशिवाय फ्यूज परत लावायचा नाही. तो मान डोलावत राहिला.

मग रंभाबाईने डोळे पुसले, पाट स्वतःच्या पदराने झाडला आणि चौरंगापुढे सरळ केला.

"बठ माय, पाटवर बठ."

सीता घुटमळली. पहिलं वर्ष आहे, रीत आहे, म्हणाली.

"रीत मी सांगेन ती. यापुढे या घरात पहिला पाट नव्या सुनेचा."

सीता पाटावर बसली. तिने डोळे मिटून कलशाला हात लावला, आणि बराच वेळ काढलाच नाही. बाहेर भुसावळ पॅसेंजरची शिटी दूरवर ऐकू आली. मालतीने लाटणं खाली ठेवलं, पिठाच्या हातांनीच ट्रंकेची दोरी सोडली आणि धाकट्या जावेची लुगडी एकेक करून परत फळीवर रचली.